हरवली आहे : विनिफ्रेड

ट्रेव्हर प्लमलीला शेजाऱ्याच्या मोटारीचा हेवा वाटत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. जाइल्स ऑर्मरॉडची मोटार मोठी होती, डोक्यावरचे केस शाबूत होते, आणि मार्लफर्डच्या भाजीपाल्याच्या प्रदर्शनात त्याच्या कांद्यांना लागोपाठ तीन वर्षं पहिलं बक्षीस मिळालं होतं. हे सगळं ट्रेव्हरने मोठ्या मनाने पचवलं होतं. कांदे पचायला जरा जड गेले, पण पचवले. न पचलेली गोष्ट एकच. ऑर्मरॉडांच्या मुलांची नावं.

थोरला लायसँडर आणि धाकटी पर्डिटा, दोन्ही नावं जुन्या इंग्रजी नाटकांतली. दर डिसेंबरात ऑर्मरॉडांचं नाताळचं कार्ड यायचं आणि त्याच्या तळाशी निळ्या शाईत लिहिलेलं असायचं, ‘जाइल्स, व्हेरिटी, लायसँडर, पर्डिटा’. वाचणाऱ्याला वाटावं, गावात एखादी नाटक कंपनीच मुक्कामाला आली आहे. ट्रेव्हर ते कार्ड शेकोटीवरच्या फळीवर इतर कार्डांच्या मागे सरकवून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्याची बायको एलिसन ते पुन्हा पुढे आणायची. तिच्या मते सगळ्यांत देखणं कार्ड तेच असायचं.

प्लमलींची मुलगी हॅरिएट नऊ वर्षांची, मुलगा एडमंड सहा वर्षांचा. नावं ठेवली तेव्हा ट्रेव्हर त्यांच्यावर बेहद्द खूश होता. पण ऑर्मरॉड शेजारी राहायला आले आणि त्याला आपल्या मुलांची नावं धुऊन आटलेल्या स्वेटरसारखी वाटू लागली. स्वतःच्या नावाबद्दल तर बोलायलाच नको. ट्रेव्हर हे नाव आता इंग्लंडात सहसा कुणी मुलाला ठेवत नाही. आहेत तेवढे ट्रेव्हर आहेत, ते संपले की विषय संपला.

अशात एलिसनला तिसऱ्यांदा दिवस गेले. ट्रेव्हरच्या डोळ्यांपुढे पहिली गोष्ट आली ती नाताळच्या कार्डाची तळाची ओळ. आता तीन नावं असतील. तीन नावांत माणसाला काहीतरी करून दाखवता येतं.

आणि त्याच आठवड्यात एलिसन बागेतून आत येऊन म्हणाली, “अरे, व्हेरिटीलाही दिवस गेलेत! तिसरंच!”

“तारीख कधीची?” ट्रेव्हरने विचारलं.

“आपल्या आधी आठवडाभर.”

“आधी?”

“ट्रेव्हर, ही शर्यत नाही.”

शर्यत नसती तर तिने तसं म्हटलंच नसतं, एवढं ट्रेव्हरला कळत होतं.

मुलगी आहे हे पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं आणि कामाला सुरुवात झाली. बाहेरच्या माणसाला वाटेल, नाव ठेवायचं त्यात काम कसलं. त्याने मार्लफर्डात येऊन एक नाव ठेवून दाखवावं. नाव थोरल्या भावंडांच्या नावांशेजारी शोभलं पाहिजे, पण त्यांच्या अक्षराने सुरू होता कामा नये, नाहीतर शाळेच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचा घोळ होतो. फार भारदस्त असलं तर लोक म्हणतात, समजतात कोण स्वतःला. फार साधं असलं तर वर्गात त्याच नावाच्या चार मुली निघतात. फुलांची नावं सगळ्यांनी घेऊन टाकलेली. आजीच्या काळातली चालतात, आईच्या काळातली चालत नाहीत, आणि हे असं का, ते विचारायचं नसतं. शिवाय चांगली चांगली नावं कुत्र्यांनी अडवलेली. त्या देशात माणसांची उत्तम नावं कुत्र्यांना देतात आणि मग मुलांना पुरत नाहीत. नदीकाठच्या कुरणात उभं राहून कुणी ‘अल्फी’ म्हणून हाक मारली, तर सात कुत्री आणि एकच मुलगा वळून बघायचा.

ट्रेव्हरचं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान होतं. लोकांचे डोळे तपासणं हा त्याचा धंदा. हनुवटी यंत्रावर टेकवलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, ही या धंद्यातली मोठी सोय. ट्रेव्हरने तिचा फायदा घ्यायला सुरुवात केली.

“पहिलं भिंग बरं की दुसरं?”

“पहिलं.”

“आता पहिलं की तिसरं?”

“तिसरं.”

“मार्था की अगाथा?”

खुर्चीतला म्हातारा शेतकरी डोळे बारीक करून अंधारात बघू लागला. मग म्हणाला, “दोन्ही जरा धूसरच दिसतायत.”

बाकीचे लोक सभ्य होते, त्यामुळे त्यांचा काहीच उपयोग झाला नाही. “दोन्ही गोड आहेत” म्हणायचे आणि पुढच्या वेळी दुसऱ्या गावी डोळे तपासायला जायचे.

शेवटी ट्रेव्हर पेटिफर बाईंकडे गेला. बाई गल्लीच्या टोकाला राहायच्या. गावच्या शाळेत त्यांनी अडतीस वर्षं शिकवलं होतं, ट्रेव्हरलाही त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्यासमोर यादी धरायची म्हणजे अजूनही हात पुढे करून छडीची वाट पाहायची असं त्याला वाटायचं.

“मार्था,” ट्रेव्हरने वाचलं.

“मार्था होती माझ्या वर्गात. शाई प्यायची.”

“अगाथा?”

“चावायची.”

“फ्लोरा?”

“फ्लोराने तर शाळेच्या कोठीला आग लावली होती. अगदी गरीब चेहऱ्याची मुलगी. तू असं कर ट्रेव्हर, कागदावर नावं वाचणं सोड. नाव हे हाक मारायला असतं. मागच्या दारात उभा राहा आणि खणखणीत हाक मारून बघ. लाडाने मार, रागाने मार, जेवण गार होतंय म्हणून मार. लाज वाटली तर नाव बाद. माझ्या आईने आम्हा पाचही जणांची नावं तशीच ठरवली. शेजारीण मेली तेव्हा कुठे हाका मारायची थांबली.”

नाव सापडलं ते दुकानात, जुन्या गिऱ्हाइकांच्या कार्डांच्या खणात. विनिफ्रेड. ट्रेव्हरने ते हळूच दोन नावांच्या शेजारी ठेवून पाहिलं. हॅरिएट, एडमंड, विनिफ्रेड. तिवईला तिसरा पाय लागावा तसं ते बसलं. जुनं होतं पण शिळं नव्हतं, भारदस्त होतं पण मिजास नव्हती. संध्याकाळी त्याने एलिसनला सांगितलं. एलिसनने हातातली बशी खाली ठेवली, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, “हीच ती.” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सात महिन्यांत ट्रेव्हरच्या एखाद्या सूचनेने तिच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी यायची ही पहिली वेळ.

इथे त्याने थांबायला हवं होतं. नाव बायकोला आवडलं, स्वतःला आवडलं, मग आणखी काय हवं? पण पेटिफर बाईंनी परीक्षा सांगितली होती, आणि परीक्षा म्हटली की ट्रेव्हर द्यायचाच. दुसऱ्या दिवशी पाच वाजता, चहाच्या सुमाराला, तो मागच्या दारात उभा राहिला, घसा साफ केला आणि हाक मारली, “विनिफ्रेड!”

नाव बागेवरून, कुंपणाच्या झाडीवरून, ऑर्मरॉडांच्या कांद्यांवरून तरंगत गेलं. लाज तर वाटली नाहीच, उलट छाती जरा फुगली. त्याने लाडाने मारून बघितली, रागाने मारून बघितली. परीक्षा तिथेच संपली होती. पण कुंपणापलीकडे जाइल्सची गवत कापायची कात्री थांबलेली त्याला ऐकू आली. जाइल्स ऐकत होता! त्या क्षणी ट्रेव्हरला जे सुख मिळालं ते तीन वर्षांच्या कांद्यांची भरपाई करणारं होतं. ऐक म्हणावं. लायसँडर काय, पर्डिटा काय. ऐक.

तो आठ संध्याकाळ ओळीने हाका मारत राहिला.

नवव्या दिवशी जाइल्सचं डोकं कुंपणावर आलं. चेहरा गंभीर. “ट्रेव्हर, विचारू नये, पण… अजून नाही का आली?”

“कोण?”

“विनिफ्रेड.”

ट्रेव्हरला एलिसनची तारीख आठवली. “नाही, अजून महिना आहे,” असं तो म्हणणार होता, तेवढ्यात जाइल्स म्हणाला, “मोठी होती का? म्हणजे कुठल्या जातीची?”

आता ट्रेव्हरच्या लक्षात आलं. गेले आठ दिवस सबंध गल्ली समजत होती की प्लमलींनी कुत्री आणली आणि ती हरवली. आणि सरळ येऊन विचारणं असभ्य म्हणून आठ दिवस सगळे गप्प होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य असं झालं असतं, ‘जाइल्स, मी तुमच्या मुलांच्या नावांवर जळतो, म्हणून न जन्मलेल्या मुलीला तुमच्या कानांवर जावं अशा बेताने हाका मारतोय.’ हे वाक्य इंग्रज माणूस फाशीच्या तख्तावरही बोलणार नाही.

“तपकिरी,” ट्रेव्हर म्हणाला. “मध्यम.”

“कान?”

“दोन.”

जाइल्सने समजूतदारपणे मान हलवली. दुःखात माणूस असा तुटक बोलतो, हे त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दिव्याच्या प्रत्येक खांबावर कागद चिकटलेला. ‘हरवली आहे : विनिफ्रेड. तपकिरी, मध्यम, मायाळू.’ मायाळू हे जाइल्सने मनाने घातलं होतं. आणि रविवारी दुपारी जेवणानंतर एलिसनने खिडकीतून पाहिलं तर एकवीस माणसं हातात काठ्या आणि चहाचे थर्मास घेऊन झुडपं उचकत होती.

“ट्रेव्हर, ही माणसं आपल्या बागेत काय करतायत?”

“विनिफ्रेडला शोधतायत.”

एलिसनने आठव्या महिन्याच्या पोटावर हात ठेवला. “का?” तिने विचारलं.

ट्रेव्हरने सगळं सांगितलं. सांगताना ते आणखी वाईट वाटत होतं. बाहेर हॅरिएट आणि एडमंडही शोधायला लागले होते, आणि आपल्याला कुत्री होती हे आपल्याला कसं माहीत नाही, म्हणून एडमंड रडत होता.

“आत्ता जा,” एलिसन म्हणाली, “आणि जाइल्सला सांग की कुत्रीबित्री काही नाही.”

“सांगतो,” ट्रेव्हर म्हणाला. बाहेर गेला. जाइल्स चिखलात गुडघे टेकून काटेरी झुडपात हात घालून बसला होता. हातावर ओरखडे उठलेले. अशा माणसाला कसं सांगायचं?

“जाइल्स,” ट्रेव्हर म्हणाला, “आता शोधू नका. ती… ती काही आता येणार नाही.”

त्याला म्हणायचं होतं, विषय मिटवा. जाइल्स हळूच उभा राहिला. त्याने टोपी काढली. बागेतल्या बाकीच्या वीस लोकांनी ते पाहिलं आणि एकामागून एक सगळ्यांनी टोप्या काढल्या.

सोमवारपासून दारातल्या फटीतून सांत्वनाची कार्डं पडायला लागली. व्हेरिटी अवघडलेल्या पोटाने लिंबाचा केक घेऊन आली. कुणीतरी दारात शेवंतीचा गुच्छ ठेवून गेलं. एलिसनने केक खाल्ला, पण नवऱ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तीन आठवड्यांनी ऑर्मरॉडांकडे मुलगी झाली. पेढ्याबिढ्याची पद्धत तिकडे नाही, पण जाइल्स संध्याकाळी स्वतः आला, टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

“ट्रेव्हर, एक मागणं आहे. नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही. तुमची हाक रोज ऐकायचो आम्ही. किती जीव होता त्या हाकेत! व्हेरिटी म्हणाली, इतक्या प्रेमाने हाक मारलेलं नाव असं वाया जाऊ नये. आम्ही… तिच्या आठवणीसाठी… मुलीचं नाव विनिफ्रेड ठेवलं तर तुम्हाला चालेल?”

ट्रेव्हरने तोंड उघडलं. आणि त्या तोंडातून त्याची आई, आजी, पेटिफर बाई आणि सबंध मार्लफर्ड एकदम बोललं.

“चालेल काय,” तो म्हणाला, “आनंदच होईल.”

जाइल्सने त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला.

सहा दिवसांनी प्लमलींकडे मुलगी झाली. गोरी, गुबगुबीत, संतापी. ट्रेव्हरने तिला हातांत घेतलं तेव्हा एलिसन थकून हसत म्हणाली, “घे, तुझी विनिफ्रेड.” आणि मग त्याला सांगावं लागलं.

त्या खोलीत काय बोलणं झालं ते मी लिहीत नाही. नर्स दोनदा डोकावून गेली, एवढं सांगतो.

“कुत्रीसाठी,” एलिसन शेवटी म्हणाली. “नसलेल्या कुत्रीच्या आठवणीसाठी तू माझ्या मुलीचं नाव देऊन टाकलंस.”

“दुसरं शोधू. याहून चांगलं.”

“मला याहून चांगलं नको. मला हेच हवंय. पंधरा वर्षांत तू मला एकच गोष्ट अशी दिलीस की जी मी बदलून आणली नाही. आणि तीही देऊन टाकलीस.” तिने तोंड भिंतीकडे वळवलं. “बेचाळीस दिवस आहेत तुझ्याकडे. नोंदणी होईपर्यंत मी हिला विनिफ्रेडच म्हणणार. जाइल्सला सांगून परत आण. नाहीतर कचेरीत जाऊन हवं ते लिही, पण मग तिला हाकही तूच मार. मी मारणार नाही.”

इंग्लंडात मूल झालं की बेचाळीस दिवसांच्या आत नाव नोंदवावं लागतं. ट्रेव्हरने दिवस मोजायला सुरुवात केली. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगायचं. रोज जाइल्स कुंपणावरून विचारायचा, “कशी आहे तुमची छोटी? नाव ठरलं?” आणि ट्रेव्हर म्हणायचा, “चाललंय.” पलीकडून व्हेरिटी अंगाई गुणगुणायची तेव्हा मध्ये मध्ये विनिफ्रेड ऐकू यायचं, आणि त्याच वेळी अलीकडे एलिसन तेच नाव घेत असायची, जरा मोठ्याने, ट्रेव्हरकडे बघत. आपली विनिफ्रेड दुसऱ्याच्या पाळण्यात झोपली आहे असं त्याला वाटायचं. इतके दिवस तो जाइल्सच्या वस्तूंवर जळत होता. आता स्वतःच्याच वस्तूवर जळायची पाळी आली होती, आणि हे जास्त भाजतं.

त्याने दुसरी नावं शोधलीही. पण कुठलंही नाव घेतलं की ते उष्टं लागायचं.

नोंदणीची वेळ मिळाली ती छत्तिसाव्या दिवशी, सकाळी साडेदहाची. निघताना एलिसन मुलीला घेऊन दारापर्यंत आली आणि ट्रेव्हरला एवढंच म्हणाली, “येताना तिचं नाव घेऊन ये.”

कचेरीच्या बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर म्हातारी वर्तमानपत्र वाचत होती. दुसरीवर जाइल्स ऑर्मरॉड, मांडीवर कागदांची फाईल.

“अरे वा!” जाइल्स म्हणाला. “आमचा आज बेचाळिसावा. अगदी काठावर आलो. तुमची कितीची वेळ?”

“साडेदहा.”

“माझी पावणेअकरा. काय ठरलं मग नाव?”

ट्रेव्हर त्याच्या शेजारी बसला. भिंतीवरच्या घड्याळात दहा वीस झाले होते.

“जाइल्स,” तो म्हणाला, “कुत्री नव्हती.”

“काय?”

“विनिफ्रेड नावाची कुत्री नव्हती. कधीच नव्हती. मी मुलीचं नाव हाक मारून बघत होतो. पेटिफर बाईंनी सांगितलं होतं.”

जाइल्सने आपल्या हातांकडे पाहिलं. “मी काटेरी झुडपात हात घातला होता,” तो म्हणाला.

“हो.”

“व्हेरिटीने तिच्या नावाने गुलाब लावलाय.”

“बघितला मी. छान लागलाय.”

म्हातारीने वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही. ती बराच वेळ त्याच पानावर होती.

“आठ दिवस का पण?” जाइल्सने विचारलं. “एकदा मारून कळलं नाही?”

इतकं सांगितल्यावर राहिलेलं झाकण्यात अर्थ नव्हता. “तुम्ही ऐकावं म्हणून,” ट्रेव्हर म्हणाला. “लायसँडर आणि पर्डिटा. पाच वर्षं मी त्या नावांवर जळतोय.”

आणि मग जाइल्स ऑर्मरॉड हसायला लागला. आनंदाने नव्हे, रडायच्या ऐवजी माणूस हसतो तसा. “त्या नावांवर? अहो, ती व्हेरिटीच्या आईची हौस. दातांच्या डॉक्टरकडे मला ते नाव अक्षर अक्षर सांगावं लागतं. फुटबॉलच्या मैदानावर लायसँडरला हाक मारायची म्हणजे… मी मारतच नाही. मी शिट्टी वाजवतो. तुम्ही मात्र दारात उभे राहून ‘हॅरिएट! एडमंड!’ म्हणता, आणि मला वाटतं, कसा सुखी माणूस आहे! म्हणून तर आठवडाभर तुमची हाक ऐकल्यावर मी व्हेरिटीला म्हणालो, या वेळी त्यांच्यासारखं नाव ठेवायचं. कुत्रीचं असलं तरी चालेल.”

ट्रेव्हरला इतकं सुख झालं की क्षणभर त्याला आपण कशासाठी आलो आहोत तेच आठवेना.

“तर मग नाव तुमचंच,” जाइल्स म्हणाला. “घ्या परत.”

“छे छे,” ट्रेव्हर म्हणाला. “मी शब्द दिला होता. तुमच्याकडेच राहू द्या.”

आता मार्लफर्डची रीत सांगायला हवी. तिथे ताटलीत केकचा शेवटचा तुकडा उरला, तर समोरच्याला तो तीनदा द्यावा लागतो. पहिल्यांदा समोरचा नको म्हणतो. दुसऱ्यांदाही नको म्हणतो. तिसऱ्यांदा घेतो. तिसऱ्यांदा न विचारणं म्हणजे तुकडा हिसकावून घेण्यासारखं. लहानपणापासून हे अंगात मुरलेलं.

“अहो, नाही, मुळात तुमचं ते,” जाइल्स म्हणाला.

“असेल, पण तुमची मुलगी आधी जन्मली. तुम्हीच ठेवा.”

“मला कसंतरीच वाटेल,” जाइल्स म्हणाला. आणि थांबला. आणि वाट बघायला लागला.

ट्रेव्हरला कळलं. दोनदा झालं होतं. आता त्याने तिसऱ्यांदा ‘ठेवा हो’ म्हणायचं, जाइल्सने ‘बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर’ म्हणायचं, की विनिफ्रेड ऑर्मरॉडांची झाली, कायमची. शब्द जिभेवर येऊन बसले होते. त्याने दात आवळले. घड्याळाचा काटा साडेदहाला टेकला. जाइल्सचा चेहरा लाल होत चालला, कारण अशी शांतता त्याने आयुष्यात अनुभवली नव्हती.

“मला हवंय ते नाव,” ट्रेव्हर म्हणाला.

म्हातारीने वर्तमानपत्र खाली केलं.

“माझ्या बायकोला हवंय, आणि मलाही हवंय,” ट्रेव्हर म्हणाला. त्याचे कान तापले होते, आवाज चिरकला होता, पण शब्द बाहेर पडले. एकेचाळीस वर्षांत इतकं सरळ वाक्य त्याच्या तोंडून गेलं नव्हतं. “तुम्हाला मी ते देऊ शकत नाही. माफ करा.”

“नाही नाही,” जाइल्स पुटपुटला. “अर्थातच.”

“मिस्टर प्लमली?” आतून रजिस्ट्रारबाईंनी हाक मारली.

बाईंनी कागद पुढे केला. नीट वाचा म्हणाल्या, सही झाली की झाली. ट्रेव्हरने चारदा वाचलं. विनिफ्रेड प्लमली. बाईंनी दिलेल्या फाउंटन पेनने त्याने सही केली तेव्हा शाईचा एक थेंब ‘ट्रेव्हर’वर पडला. पडू दे, तो मनात म्हणाला. बाहेर आला तेव्हा जाइल्स फाईल छातीशी धरून आत जात होता. दोघांनी एकमेकांना मान लववली, तोफखान्यासमोरून जाणाऱ्या शिपायांनी लववावी तशी.

घरी एलिसनने दाखला वाचला, आणि ट्रेव्हरच्या डोक्यावरच्या उरल्यासुरल्या केसांवरून हात फिरवला. त्या रविवारी मुलीला बाबागाडीत घालून दोघं गल्लीतून फिरायला निघाले. ज्याने त्याने वाकून बघितलं, नाव विचारलं, आणि नाव ऐकल्यावर ट्रेव्हरच्या दंडावर हळूच थोपटलं.

“कुत्रीच्या आठवणीत ना? मन मोठं लागतं हो.”

“किती जीव होता तुमचा तिच्यावर!”

ट्रेव्हर प्रत्येकाला धन्यवाद म्हणाला. जाइल्स सज्जन माणूस, तो बायकोखेरीज कुणाला काही बोलला नव्हता. आणि ट्रेव्हरला त्याचं काही वाटतही नव्हतं. पाच वर्षांत पहिल्यांदा तो ऑर्मरॉडांच्या दारावरून मान ताठ ठेवून जात होता.

दारात व्हेरिटी उभी होती, कुशीत मुलगी.

“ठरलं का नाव?” एलिसनने जरा ओशाळून विचारलं.

“जाइल्सने ठरवून टाकलं,” व्हेरिटी म्हणाली. “शेवटचा दिवस, आत बाई पेन घेऊन बसलेल्या, काही सुचेना, तर जे पहिलं साधं नाव आठवलं ते सांगून मोकळा झाला. आधी मी चिडले होते. पण आता… जेन.”

“जेन,” एलिसन म्हणाली. मग पुन्हा एकदा, हळू, “जेन. अगं, किती सुंदर!”

“हो ना? माझी आई रडली. पण बाकी सगळे म्हणतात, आजकाल इतकं साधं ठेवायला धैर्य लागतं.”

ट्रेव्हर हसला, अभिनंदन केलं, बाबागाडी पुढे ढकलली. जेन. कुणाला अक्षर अक्षर सांगायला नको. आजीच्या काळातलं नाही, आईच्या काळातलं नाही, कुठल्याच काळातलं नाही. आणि एकाही कुत्र्याचं नाही. हॅरिएट, एडमंड, जेन. हे नाव गेली पाच वर्षं इथेच, सगळ्यांच्या जिभेवर पडून होतं. आणि ते उचलावं कुणी, तर जाइल्स ऑर्मरॉडने, तेही घाईघाईत!

घरी आल्यावर एलिसन मुलीला निजवायला वर गेली. “विनिफ्रेड, ए विनिफ्रेड,” तिचा लाडाचा आवाज जिन्यावरून खाली येत होता. ट्रेव्हरने दाखल्याचं पाकीट टेबलाच्या खणात ठेवायला घेतलं तेव्हा त्यातून एक पिवळं पत्रक खाली पडलं. वरच लिहिलं होतं, की नोंदलेलं पहिलं नाव बारा महिन्यांच्या आत एकदा बदलता येतं.

ट्रेव्हरने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. जिन्याकडे एकदा पाहिलं. मग पत्रकाची नीट चौपदरी घडी घातली, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवून दिली.